फणीचे दात कोणीकडे?

गजभिये बाईंनी पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली आणि तीत मी नापास झालो. धरमपेठेत वाढलेला वकिलाचा मुलगा मी, नुकताच एमबीबीएस झालेला. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा सर्जन व्हायला म्हणून दाखल झालो होतो आणि आपण येऊन त्या विभागावर उपकारच केलेत अशा थाटात आत शिरलो होतो. नव्या माणसाची नजर तपासून नोंदवायची असा तिथे रिवाज होता. खोलीच्या एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला इंग्रजी अक्षरांचा तक्ता, आणि तक्त्याशेजारी स्टुलावर पांढऱ्या साडीतल्या, हातात बांबूची छडी घेतलेल्या एक बाई. मी वरच्या मोठ्या अक्षरांकडे ढुंकूनही न पाहता थेट शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. निम्म्यावर आलो असेन, तर बाईंनी मांडीवरची फाईल उचलून त्या ओळीवर आडवी धरली. मी कसला थांबतोय. फाईलीमागे झाकलेली उरलेली सगळी अक्षरं मी खडाखडा म्हणून दाखवली.

बाई हसल्या नाहीत. फाईल तशीच धरून त्यांनी विचारलं, "दिसून राह्यलं का आठवून राह्यलं, साहेब?"

मग त्यांनी कपाटातून मी कधी न पाहिलेला एक तक्ता काढला, आणि माझ्या डाव्या डोळ्याला नंबर निघाला. वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मला एका डोळ्यानं कमी दिसत होतं आणि त्याचा मला पत्ता नव्हता. घरी सांगितलं तर आईनं आठवडाभर रोज विचारलं की मग पाच वर्षं कॉलेजात तुम्हाला शिकवलं तरी काय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंचं नाव यमुना. राहायला जरीपटक्याच्या अलीकडे. सायकलनं यायच्या, मग तो डिसेंबर असो की नागपूरचा मे महिना. वडील कापडगिरणीत कामाला होते. छप्पन साली त्यांनी सगळ्या घराला बरोबर नेऊन धम्म स्वीकारला तेव्हा बाई शाळेत होत्या. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या की घरी परतताना बापानं सांगितलं, यापुढं कोनी मोठ्यानं सांगितलं म्हून मानाचं नाई, पाहून मानाचं. हे वाक्य त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की आमच्या विभागाची पंचाईत होऊन बसली होती. सरकारी दवाखाना मोठ्यानं सांगितलं म्हणून मानण्यावरच चालतो, नाही तर तो चालायचा कसा.

नजर तपासताना बाई तक्त्याकडे बघतच नसत. तक्ता त्यांना पाठ होता. त्या बघत माणसाकडे. त्यांचं म्हणणं, ज्याले दिसते त्याचं कपाळ गप असते. ज्याले दिसत नाई त्याचं कपाळ बोलते. एकदा एक पुढारी आले, बंदुकीच्या परवान्यासाठी नजरेचा दाखला पाहिजे होता. बरोबर चार माणसं, एक हार सांभाळणारा. पुढारी खुर्चीत बसले आणि तक्त्याकडे हात करून म्हणाले की आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं, लिहून टाका. बाईंनी नियमाप्रमाणे तपासलं आणि लिहिलं. दाखल्यावर दोनच ओळी होत्या. "रुग्णाचे म्हणणे: सगळे स्वच्छ दिसते. तक्त्यावर: वरून दुसरी ओळ." तो कागद पुढे विभागात बरेच दिवस हातोहात फिरत होता आणि पुढाऱ्यांना बंदूक मिळाली नाही, हे त्यांच्या चार माणसांचं नशीब.

खेड्यातून येणाऱ्यांना इंग्रजी अक्षरं कुठून येणार? त्यांच्यासाठी वेगळा तक्ता होता, नुसत्या इंग्रजी 'ई'च्या आकाराचा. कुठे उताणा, कुठे पालथा, कुठे या बाजूला तोंड, कुठे त्या. वरच्या ओळीत तळहाताएवढा, शेवटच्या ओळीत मुंगीएवढा. बाईंच्या लेखी ती फणी होती. "आजी, फनीचे दात कोनीकडे वं?" असं त्या विचारत आणि आजी बोटानं दाखवे, वर किंवा खाली. उजव्या-डाव्याचा घोळ व्हायला नको म्हणून उजव्याला त्यांनी 'जेवता' नाव दिलं होतं, म्हणजे जेवायचा हात. त्यामुळे आमच्या खोलीतून दिवसभर 'खाली, जेवता, वर, डावा' असं ऐकू येई आणि नवा माणूस बुचकळ्यात पडे की इथे डोळे तपासतात की पंगत बसवतात.

आता मोठे साहेब. म्हणजे आमचे विभागप्रमुख. हात सोन्याचा, त्यात वादच नाही. सुरी धरली की बघत राहावं. पण लंडनला काही महिने राहून आले होते आणि तेव्हापासून त्रेचाळीस डिग्रीतही टाय सोडत नसत. त्यांच्या आयुष्यात आता एकच उणीव राहिली होती. परिषदेत वाचायला स्वतःचं असं संशोधन नव्हतं. ती उणीव भरून काढायला एका औषध कंपनीचा माणूस मुंबईहून आला, कॅलेंडरं घेऊन आणि थेंब घेऊन. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब. सुरी नको, टाका नको, रोज तीनदा थेंब टाका आणि सहा महिन्यांत डोळा निर्मळ. दुधाचं दही झालं की त्याचं पुन्हा दूध होत नाही हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण आम्ही मोठे डॉक्टर, आम्ही ते शास्त्रीय पद्धतीनं तपासायचं ठरवलं.

मोतीबिंदूचे पाच-पन्नास म्हातारे-म्हाताऱ्या निवडल्या. निम्म्यांना थेंब, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, बाटल्या हुबेहूब सारख्या. कोणती कोणाला याची यादी साहेबांच्या कपाटात. दर महिन्याला बाई नजर मोजणार, मी आलेख काढणार. सहा महिने संपेपर्यंत यातल्या कोणाचंही ऑपरेशन करायचं नाही, केलंच तर अभ्यासातून नाव कमी केल्याच्या कागदावर माझी सही लागणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाच माझ्या पदवीचा प्रबंध होता. साहेबांनी पाठीवर हात ठेवून तसं सांगितलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

त्या म्हाताऱ्यांत एक होते भोयर गुरुजी. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं, तिथले निवृत्त प्राथमिक शिक्षक. धोतर, काळी टोपी, कोटाच्या खिशात खडूचा तुकडा, निवृत्तीनंतरसुद्धा. त्यांच्या हाताखालचा एकही पोरगा चौथीत नापास झाला नाही, हे ते ओळख होताच सांगत. दर महिन्याला मुलाच्या सायकलवर मागे बसून सगळ्यांच्या आधी येत आणि आवारातल्या कडुलिंबाखाली बसत. बाकीचे रुग्णही हळूहळू त्यांच्याभोवती जमत. मला वाटे, म्हातारी माणसं आहेत, सुखदुःखाचं बोलत असतील.

निकाल असे आले की सांगता सोय नाही. पहिल्या महिन्यात तिसरी ओळ, तिसऱ्या महिन्यात पाचवी, पाचव्या महिन्यात मुंगीएवढी फणीसुद्धा. गुरुजींना तर पहिल्यापासून पैकीच्या पैकी. माझा आलेख दिवाळीतल्या बाणासारखा वर चालला होता. साहेबांनी हौसेनं कपाटातली यादी काढली आणि आम्ही दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन रेघा ओढल्या, एक थेंबवाल्यांची, एक मिठाच्या पाण्यावाल्यांची. दोन्ही रेघा हातात हात घालून वर गेल्या होत्या. साहेबांनी टायची गाठ सारखी केली. मग म्हणाले की मिठाच्या पाण्याचाही थोडाफार गुण असावा. दुसऱ्या दिवशी त्यांचा विचार बदलला आणि त्यांनी असं ठरवलं की मिठाच्या पाण्याचा गट विश्वासार्ह नाही, सबब तो गाळावा. मी गाळला. एका रेघेचा आलेख दिसायलाही सुबक होता.

बाई मात्र अस्वस्थ झाल्या होत्या. त्यांना खटकलं ते एका म्हातारीमुळे. तिनं सातव्या ओळीपर्यंत एकही चूक केली नाही, उठली, आणि खुंटीला टांगलेल्या माझ्या कोटाला डॉक्टर समजून दोन्ही हात जोडून नमस्कार केला. कोटानं काही उत्तर दिलं नाही तेव्हा तिनं आणखी वाकून केला. मी खो खो हसलो. बाईंनी म्हातारीचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं आणि परत येऊन मला खिडकीशी उभं केलं. बाहेर लिंबाखाली वर्ग भरला होता. भोयर गुरुजी खडूचा तुकडा हलवत उभे, समोर वीसेक म्हातारे मांडी घालून, आणि पाढे म्हणतात तशा एका सुरात सगळे म्हणत होते. "तिसरी ओळ. खाली, वर, जेवता, डावा. चौथी ओळ. डावा, डावा, खाली, वर, जेवता." एक आजोबा चुकले तर गुरुजींनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

म्हणजे सहा महिने आम्ही मोजत होतो ते डोळे नव्हेत, पाठांतर. खोलीतून दिवसभर ऐकू येणारी उत्तरं गुरुजींनी पाठ करून घेतली होती, आणि पाठ म्हणणाऱ्याचं कपाळही गपच असतं. मला कळलं. त्या क्षणी कळलं, नाही कळलं असं आता म्हणून चालणार नाही. पण परिषद पंधरा दिवसांवर आली होती, साहेबांचं तिकीट निघालं होतं, माझा प्रबंध टायपिंगला गेला होता. मी बाईंना म्हटलं, आता शेवटचं एकच मोजमाप राहिलंय, होऊन जाऊ द्या, मग बघू. बाई म्हणाल्या की मग काय पाहानार, साहेब, पाहाचं आहे ते आताच आहे. आणि सुटी टाकून दुपारीच सायकल घेऊन गेल्या.

गेल्या त्या महाल भागात, एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे. नवा तक्ता करून घ्यायला, ज्यात फण्या त्याच पण दात वेगळीकडे. तो पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवून तयार झालेला. त्यानं आधी प्रत्येक 'ई'ला लाल सावली द्यायला काढली, मग कोपऱ्यात कमळ काढू का म्हणून विचारलं, आणि वर 'शुभ लाभ' नको हे त्याला पटेचना. कोणतीही पाटी त्याशिवाय अपशकुनी, असं त्याचं मत. बाई फूटपट्टी घेऊन त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी पत्र्यावर रंगवलेला तक्ता सायकलला बांधून घेऊन आल्या आणि त्याच खिळ्यावर टांगला.

शेवटच्या मोजमापाला पहिला नंबर अर्थातच गुरुजींचा. बाईंनी डावा डोळा झाकून उजव्यानं बघायला सांगितलं आणि छडी पहिल्या ओळीवर ठेवली. गुरुजींनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. सगळं चूक. ओळीमागून ओळ, ठाम आवाजात, एकही उत्तर बरोबर नाही. बाईंची छडी ओळीमागून ओळ खाली सरकत राहिली. तिसऱ्या ओळीनंतर गुरुजींनाच काहीतरी जाणवलं असावं, ते थांबले आणि म्हणाले, "बाई, आज प्रश्न बदलले का?"

बाईंनी छडी खाली ठेवली आणि जवळ जाऊन त्यांच्यापुढे बोटं धरली. किती बोटं, सांगता आलं नाही. हात हलवला, तोही नाही. टॉर्च धरली तेव्हा म्हणाले, हां, उजेड आहे. मग बाईंनी मला हाक मारली. मी पापणीवरून डोळा चाचपला तर तो काचेच्या गोटीसारखा कडक लागला, यंत्रानं दाब मोजला तर काटा नको तिथे गेला. मोतीबिंदू पिकून फुटायला आला होता आणि डोळ्याच्या आत दाब चढला होता. याला कपाळ फुटेल असं दुखतं. मी विचारलं, दुखत नव्हतं का. गुरुजी म्हणाले, पंधरवडा झाला, झोप नाही. मग सांगितलं का नाही? ते कोटाचं बटण चाचपत राहिले. वर्गात पहिला येणाऱ्यानं आजारी आहे म्हणून कसं सांगायचं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. लिंबाखालच्या सगळ्यांची समजूत अशी होती की ही परीक्षा आहे आणि नापास झाला त्याचं नाव कटतं. नाव कटलं की थेंब बंद आणि मग सुरी. गुरुजींच्या शेजारच्या गावात कोणाचा तरी डोळा शिबिरातल्या ऑपरेशननंतर गेला होता, तेव्हापासून सुरीची सगळ्यांनी धास्ती घेतलेली. आणि दुसरंही एक कारण होतं. ते गुरुजींनी माझ्याकडे तोंड करून सांगितलं, म्हणजे माझा आवाज आला होता त्या दिशेला. "साहेब, तुम्ही तरुण आहात. एवढी सेवा करून राहिले. आमच्या नापास होण्यानं तुमचं नाव खराब व्हावं, हे बरं नाही. आज माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं, मले माफ करा."

त्यांनी माझी माफी मागितली. आयुष्यात मला लाजेनं मेल्यासारखं दोन-तीनदाच झालंय, त्यातलं हे पहिलं. पण लाज वाटणं वेगळं आणि सही करणं वेगळं.

बाईंनी अभ्यासातून नाव कमी करायचा कागद माझ्यापुढे ठेवला. आजच दाखल करून डोळा मोकळा केला तर उजेड आहे तो वाचेल, कदाचित नजरही येईल. हे त्या मला शिकवत नव्हत्या, मला येत होतं. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं. गुरुजी आलेखातले सगळ्यात चमकदार रुग्ण, त्यांचं नाव आत्ता काढलं तर परिषदेत काय सांगायचं? दाब उतरवायच्या गोळ्या सुरू करा, म्हणाले, मी परत आलो की मीच करतो त्यांचं. आणि तो पत्र्याचा तक्ता काढून जुना लावा, मोजमापात एकसारखेपणा पाहिजे. "आठ दिवसांत काय आभाळ कोसळतं का?" हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यांची गाडीच आठव्या दिवशी सुटायची होती, परतणं त्याच्याही पुढे.

मी गोळ्या दिल्या. बाईंनी रोज सकाळी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि मी रोज तो फाईलीखाली सरकवला. तक्ता त्यांनी काढला नाही. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी टांगून प्रत्येकाची नजर दोन्हींवर मोजली आणि दोन रकान्यांत लिहिली. जुन्या तक्त्यावर सगळे पास, नव्यावर सगळे नापास, थेंबवाले आणि मिठाच्या पाण्यावाले सारखेच. साहेबांनी पहिला रकाना उतरवून घेतला आणि परिषदेला गेले. लिंबाखालच्या म्हाताऱ्यांना बाईंनी एकेक करून समजावून सांगितलं की ही परीक्षा नाही, दिसत नाही म्हणालात तरच औषध मिळेल. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. आयुष्यभर सरकारी माणसासमोर 'नाही' म्हणायची ज्यांना सवय नाही, त्यांना एकदम 'नाही दिसत' म्हणायला सांगायचं म्हणजे काय.

साहेबांची गाडी सुटली त्या सकाळी मी सही केली. गुरुजींना दाखल केलं. उजव्या डोळ्यासमोर टॉर्च धरली आणि विचारलं. त्यांनी मान इकडेतिकडे केली. उजेड गेला होता. गोळ्यांनी काही केलं नाही, आठव्या दिवशी सही करून मीही काही केलं नाही. उजव्या डोळ्याचं आता काहीच करता येणार नव्हतं. डावाही पिकत आलेला, तो वाट बघायला ठेवणं शक्य नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन मीच केलं. बाई माझ्यासमोर टॉर्च धरून उभ्या होत्या. मी घाईनं सुरी पुढे केली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "घाई करू नका. आता वेळ हाये."

त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर माणसाला चार-पाच दिवस डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून उताणं ठेवत. गुरुजी तेवढे दिवस पाढे म्हणत पडून राहिले, फण्यांचे नव्हे, अंकांचे. दीड महिन्यानं बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लावून ते तपासायला आले. बाईंनी नव्या तक्त्यावर छडी ठेवली. चौथ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आलं. पाचवीवर ते थांबले. कितीतरी वेळ पुढे वाकून बघत राहिले. मग खुर्चीत मागे टेकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "नाही दिसत, बाई." बाईंनी तसं लिहिलं आणि तिथेच साडीच्या पदरानं डोळे पुसले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

परिषदेत निबंधाला टाळ्या पडल्या म्हणे. थेंब बाजारात आले, पुढे कितीतरी वर्षं विकले जात होते. माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला न सांगता आणले होते. माझा प्रबंध मी मागे घेतला, असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे दोन रकान्यांची ती वही अस्तित्वात असताना तो सादर करायची माझी छाती झाली नाही. धान कापताना डोळ्यात गेलेल्या कुसळांवर दुसरा प्रबंध लिहिला आणि एक वर्ष उशिरा पास झालो. साहेबांनी ते वर्ष माझ्याशी गरजेपुरतं बोलून काढलं.

बाईंची बदली झाली. साहेब परत आल्यावर महिन्याच्या आत हुकूम आला. चंद्रपूरच्या पलीकडे, जंगलातलं एक आरोग्य केंद्र, जिथे डोळ्यांचा विभागच नव्हता. कारण, प्रशासकीय. शेवटच्या दिवशी बाईंनी सगळं माझ्या ताब्यात दिलं, छडी, दोन्ही तक्ते, कपाटाची किल्ली. आणि दाखल झालेल्या रुग्णांची नोंदवही उघडून माझ्यापुढे केली. भोयर गुरुजींची ओळ. उजव्या डोळ्याचा दाब आढळला ती तारीख, दाखल केलं ती तारीख, मधे आठ दिवस. पुढचा रकाना 'विलंबाचे कारण'. तो कोरा होता. बाई म्हणाल्या, "हा मी भरला नाई. हा तुमचा हाये."

मी पेन घेतलं. विचारात पडलो असं आता सांगितलं तर ते खोटं होईल. मी लगेच लिहिलं, 'प्रशासकीय'. बाईंनी वाचलं. पर्समधून बदलीचा हुकूम काढला, उलगडून वहीशेजारी ठेवला, आणि मला दोन्हीकडचा एकच शब्द पुरेसा वेळ बघू दिला. मग घडी घालून तो परत ठेवला आणि सायकलकडे गेल्या. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो नाही. साहेब व्हरांड्यात उभे होते.

पुढे बरीच वर्षं त्या भागातून माझ्याकडे माणसं येत राहिली. कोणाच्या कनवटीला, कोणाच्या चोळीत घडी करून ठेवलेली चिठ्ठी असायची. कार्बनच्या पेन्सिलीनं, ठसठशीत अक्षरात लिहिलेली. "उजवा: बोटं मोजतात. डावा: फक्त उजेड. आजच घ्यावे." कधी ओळख दाखवली नाही, कधी 'नमस्कार' नाही, पण शेवटचे दोन शब्द प्रत्येक चिठ्ठीवर. मी त्यातल्या एकालाही दुसऱ्या दिवसावर टाकलं नाही. टेबल भरलेलं असो, वीज गेलेली असो, घरी लग्न असो, घेतलं. एके वर्षी चिठ्ठ्या यायच्या थांबल्या. नंतर तिकडच्या एका कंपाउंडरकडून कळलं की बाई कावीळ होऊन गेल्या, आणि आजारपणातही खाटेवरून माणसं तपासत होत्या.

लोक म्हणतात, तुम्ही रुग्णाला ताटकळत ठेवत नाही, किती मोठं मन. मी ऐकून घेतो. ती नोंदवही कधीच रद्दीत गेली असेल, आता तिच्यात खाडाखोड करता येणार नाही. पण विलंबाचं कारण मला त्या दिवशीही माहीत होतं. दुखणं कळलं होतं, उपाय येत होता, कागद रोज टेबलावर होता. डॉक्टर मोठ्या साहेबांना भीत होता.